ताय ओ : हाँगकाँगच्या कोळीगावात एक दिवस, भरतीच्या वेळेने

ताय ओला बसचं दार उघडतं आणि सगळ्यात आधी वास येतो तो जवळ्याचा. माझं आजोळ रेवदंड्याचं, त्यामुळे हा वास मला कुणी ओळखून द्यायला नको होता. उन्हात अर्धवट वाळलेला, मिठात मुरलेला, थोडा कुबट आणि तरीही तोंडाला पाणी आणणारा. मुंबईपासून चार हजार किलोमीटरवर, दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर, आजीच्या मागच्या अंगणाचा वास. धाकटा भाऊ हाँगकाँगमध्ये तुंग चुंगला राहतो म्हणून ताय ओला माझ्या तीन फेऱ्या झाल्या. पहिली फुकट गेली म्हटलं तरी चालेल, कारण मी ऐन रविवारी, भर दुपारी, ओहोटीला पोचले होते. पुढच्या दोन फेऱ्यांत जे उमगलं ते क्रमाने लिहिते.

गाव कुठलं आणि कुणाचं

हाँगकाँगच्या लांताऊ या सगळ्यात मोठ्या बेटाच्या पश्चिम टोकाला ताय ओ आहे. खाडीच्या फाट्याने गावाचे दोन भाग केलेत, एक लांताऊवर आणि दुसरा लहानशा ताय ओ बेटावर. खाडीच्या दोन्ही काठांनी, थेट चिखलात रोवलेल्या खांबांवर घरं उभी आहेत. त्यांना कँटोनीज भाषेत 'पांग ऊक' म्हणतात. ही घरं बांधली ती पिढ्यानपिढ्या होडीतच जन्मलेल्या आणि होडीतच राहिलेल्या दर्यावर्दी लोकांनी. पुस्तकांतून त्यांच्यासाठी 'तांका' हा शब्द सापडतो, पण तो हिणवण्यासाठी वापरला गेलेला आहे, तेव्हा तोंडातून काढू नका. स्वतःला ते 'सुई सोंग यान' म्हणवतात, म्हणजे पाण्यावरची माणसं.

गावात मासेमारीइतकीच जुनी मिठागरं होती. ती बंद पडून बराच काळ लोटला, आता तिथे तिवरांची लागवड आहे. अलिबाग-पेणच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

पायरी पहिली : कागदपत्रं

हाँगकाँग चीनचा भाग असला तरी त्याचं इमिग्रेशन वेगळं आहे. भारतीय पासपोर्टवर तिथे १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, मात्र जानेवारी २०१७ पासून निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती हाँगकाँग सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर होते आणि फुकट आहे. उत्तर बहुधा लगेच मिळतं, नोंदणी सहा महिने चालते. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक पासपोर्टवर आहे तस्सं भरा. एका अक्षराचा फरक असला तरी विमानतळावर अडकाल. मंजुरीची चिठ्ठी कागदावर छापून त्यावर सही करा, फोनमधल्या चित्रावर विसंबू नका. नोंदणी नाकारली गेली तर रीतसर व्हिसासाठी अर्ज करावा लागतो, म्हणून हे काम तिकीट काढण्याआधी उरकलेलं बरं.

चीनच्या मुख्य भूमीसाठी मात्र वेगळा व्हिसा हवा. शेन्झेन किंवा ग्वांगझोऊहून हाँगकाँगला आलात की चीनमधून बाहेर पडल्याची नोंद होते. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो तिथेच संपला. परत मुख्य भूमीवर जायचं असेल तर दोन प्रवेशांचा व्हिसा आधीच घ्या.

मुंबईहून पूर्वेकडे जाताना हाँगकाँगला लांब थांबा असेल, म्हणजे किमान नऊ-दहा तास, तर तेवढ्यातही ताय ओ होतं, कारण विमानतळ लांताऊला अगदी खेटून आहे. विमानतळाबाहेर पडायचं म्हणजे पूर्वनोंदणी हवीच.

पायरी दुसरी : दिवस आणि वेळ

ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असतं. जून ते सप्टेंबर उकाडा, पाऊस आणि टायफून. वाऱ्याचा ८ नंबरचा इशारा लागला की बस, फेरी, दुकानं सगळं बंद होतं, आणि ताय ओ हे समुद्राचं पाणी घरात शिरणारं गाव आहे. २०१७ च्या हातो आणि २०१८ च्या मांखुट या टायफूनांत ते बुडालं होतं. इशारा ३ नंबरवर असतानाच बेत रद्द करा, तेव्हा गावातली माणसं सामान वर चढवण्यात गुंतलेली असतात.

वार मंगळवार ते शुक्रवार यातला धरा. शनिवार-रविवारी अख्खं हाँगकाँग इथे लोटतं, गल्ल्या तर दोन माणसं शेजारून जातील एवढ्याच. सोमवारची एक अडचण म्हणजे काही दुकानं रविवारच्या दगदगीनंतर बंद असतात.

आता भरती. पहिल्या खेपेला मी हेच चुकले. ओहोटीला खाडीत नुसता करडा चिखल उरतो, होड्या कलंडलेल्या असतात आणि घरांचे लांबलचक खांब तळापर्यंत उघडे पडतात. तेही बघण्यासारखं आहे, खांबाला कालवं कुठपर्यंत चढलीत त्यावरून पाणी कुठवर येतं ते कळतं. पण गावात जीव येतो तो भरतीला. पाणी घराच्या फळ्यांखाली येऊन टेकतं, बांधलेल्या होड्या हळूहळू सरळ होतात, खालून चुबुक चुबुक आवाज यायला लागतो. म्हणून जमलं तर ओहोटी संपताना पोचा आणि भरती पूर्ण होईपर्यंत थांबा, म्हणजे दोन्ही रूपं दिसतील.

आपल्याकडे तिथीवरून भरती काढायचं गणित आजोबांच्या बोटांवर असायचं. इथे ते सरसकट लागू करू नका. हाँगकाँगला दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, एखादी इतकी बेताची असते की लक्षातही येत नाही. हाँगकाँग वेधशाळेच्या संकेतस्थळावर भरतीचे तक्ते असतात. त्यात वेळेबरोबर उंचीही बघा आणि त्या दिवसाची मोठी भरती उजेडात येतेय का ते तपासा. उधाणाला खाडी तुडुंब भरते हे मात्र आपल्यासारखंच.

पायरी तिसरी : पोचायचं कसं

सगळ्यात सोपं म्हणजे मेट्रोने तुंग चुंग आणि तिथून ११ नंबरची बस. विमानतळावरून येत असाल तर एस-१ बस तुंग चुंगला सोडते. स्टेशनबाहेरच बसस्थानक आहे. प्रवास साधारण ५० मिनिटांचा आणि घाटाचा. गाडी लागत असेल तर पुढे बसा. वाटेत बस शेक पिक धरणाच्या भिंतीवरून जाते, तेव्हा एका बाजूला जलाशय, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि वर डोंगरमाथ्यावर पाठमोरा बसलेला मोठा बुद्ध दिसतो. तेवढ्या अर्ध्या मिनिटासाठी फोन खाली ठेवा.

दुसरा मार्ग जरा फिरून आहे, पण आईवडील बरोबर असतील तर मी तोच सुचवेन. तुंग चुंगहून केबल कारने नाँग पिंगला जायचं. अंतर ५.७ किलोमीटर, साधारण २५ मिनिटं. तिथे पो लिन मठ आणि ३४ मीटर उंचीची, १९९३ मध्ये पूर्ण झालेली ब्राँझची बुद्धमूर्ती आहे, २६८ पायऱ्या चढून जायचं. मग २१ नंबरच्या बसने पाव-अर्ध्या तासात ताय ओ. ही बस कमी वेळा सुटते आणि शेवटची गाडी लवकर जाते, म्हणून नाँग पिंगला उतरल्या उतरल्या फलकावरची वेळ फोनमध्ये टिपून घ्या. केबल कार वारा फार असला की बंद ठेवतात आणि देखभालीसाठीही काही दिवस बंद असते, निघण्याआधी बघा.

शहरातल्या सेंट्रल भागातल्या ६ नंबर धक्क्यावरून फेरीने लांताऊवरचं मुई वो आणि तिथून १ नंबरची बस, हाही एक रमतगमत जाण्याचा मार्ग. टॅक्सीच घ्यायची तर लांताऊच्या टॅक्सी निळ्या रंगाच्या असतात, शहरातल्या लाल.

बस आणि मेट्रोसाठी ऑक्टोपस कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड, घ्या. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी लांताऊच्या बसचं भाडं जास्त असतं. गावातल्या लहान दुकानांसाठी सुट्ट्या नोटा आणि नाणी खिशात हवीत.

पायरी चौथी : गाव कसं फिरायचं

बस जिथे थांबते तो लांताऊकडचा भाग. समोर मासळी बाजार लागतो, पण लगेच तिथे गुंतू नका. दोन मिनिटांवर खाडीवरचा पूल आहे, त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहा. हा उचलता येणारा पूल १९९६ मध्ये झाला. त्याआधी ८५ वर्षांहून जास्त काळ इथे एक सपाट होडी होती आणि दोन्ही काठांना बांधलेला दोर ओढत गावातल्या बायका ती पैलतीरी न्यायच्या. पुलावरून दोन्ही बाजूंना खांबांवरच्या घरांच्या रांगा दिसतात. पत्र्याच्या भिंती, बऱ्याच घरांना चंदेरी रंग, मागे फळ्यांची पडवी, पडवीत वाळत घातलेले कपडे आणि मासे शेजारी शेजारी. जुनी घरं लाकडाची आणि झावळ्यांची होती, पत्रे नंतर आले. २००० सालच्या जुलैमध्ये मोठी आग लागून बरीच घरं जळाली होती, ती पुन्हा त्याच जागी, त्याच पद्धतीने उभी राहिली.

पुलापलीकडे दोन दिशा आहेत. आधी बाजाराच्या गल्लीने कात हिंग स्ट्रीटकडे चला. दुकानं संपतात आणि रस्ता घरांच्या मधून जायला लागतो. उघड्या दारांतून टीव्हीचा आणि महजाँग या चिनी खेळाच्या सोंगट्यांचा खडखडाट ऐकू येतो. पुढे दुसरा लहान पूल आहे, सुन की पूल. खांबांवरच्या घरांचं सगळ्यात चांगलं दर्शन इथूनच होतं. तसंच पुढे गेलात की गावाच्या टोकाला यूंग हाऊ मंदिर लागतं. बांधणी १६९९ ची. चीनच्या सुंग राजघराण्याच्या शेवटच्या बालराजाला जपणाऱ्या एकनिष्ठ सेनापतीचं हे स्थान. आत देवमाशाची हाडं ठेवलेली आहेत. आपल्या किनाऱ्यावर जी श्रद्धा देवमाशापुढे दिसते, तीच इथे दिसली.

मग परत फिरून मुख्य पुलाशी या आणि दुसरी दिशा धरा, शेक चाय पो स्ट्रीट. इथे लोंढा ओसरतो. समुद्राच्या कडेने पंधरा-वीस मिनिटं चाललं की टेकडीवर पांढरी, कमानींच्या व्हरांड्याची इमारत दिसते. १८९८ मध्ये ब्रिटिशांनी हा मुलूख ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला आणि चाच्यांवर नजर ठेवायला १९०२ मध्ये इथे पोलीस ठाणं बांधलं. पुढे ते बंद झालं. २०१२ पासून तिथे ९ खोल्यांचं वारसा हॉटेल चालतं, ना नफा तत्त्वावर. राहायचं नसलं तरी इमारत बघता येते. त्याच्या मागून फू शान टेकडीची पायवाट निघते. चढ सोपा, अर्ध्या तासात वर. खाली मोकळा समुद्र आणि समोर हाँगकाँग-झुहाई-मकाव पूल, २०१८ मध्ये खुला झालेला.

सगळं मिळून तीन-चार तास. पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट हवेत, फळ्या निसरड्या असतात.

जवळ्याचं काय करतात

इथे थोडं रेंगाळते, कारण माझ्यासाठी ताय ओ म्हणजे हेच आहे.

तिथली चंदेरी कोळंबी आणि आपला जवळा, दोन्ही असेटीस या एकाच प्रजातीतले. आपण जवळा उन्हात खडखडीत वाळवतो आणि सुकट म्हणून डब्यात भरतो. ते लोक ताजा जवळा मिठात घालून दळतात, त्याचा मऊ लगदा बांबूच्या गोल, सपाट ताटांवर हाताने पसरतात आणि उन्हाला ठेवतात. वरचा थर वाळला की उलथायचा, पुन्हा पसरायचा, पुन्हा ऊन. मऊ लगदा बरणीत भरला की 'हा जोंग', आणि आणखी सुकवून विटेसारखी वडी पाडली की 'हा कोऊ'. लगद्याचा रंग आधी फिकट गुलाबी, मग जांभळट करडा होतो. मोसम उन्हाळ्याचा.

दुसऱ्या फेरीत एका आजींना मी हे करताना पाहिलं. डोक्याला फडकं, कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि हातात चपटं फावडं. लगद्यावर तिरकी रेघ ओढत त्या ताट भरत होत्या, आणि काठाशी बोटभर जागा बरोबर मोकळी सोडत होत्या. माझी आजीही कुरडयांच्या वाळवणाला काठ सोडायची तो असाच. मी खुणेने विचारलं, आजींनी नखावर मावेल एवढा लगदा पुढे केला. आधी मीठ, मग गोडी, आणि मग बराच वेळ टिकणारी चव.

यातलं दुखरं सत्य असं की हा जवळा आता बहुतेक ताय ओचा नसतो. समुद्रतळ खरवडला जाऊन मासळी संपत चालली म्हणून हाँगकाँगने ३१ डिसेंबर २०१२ पासून आपल्या पाण्यात ट्रॉलरच्या मासेमारीवर बंदी घातली. बंदी योग्यच होती. पण जवळाही तसल्याच ओढजाळ्याने पकडत, त्यामुळे कच्चा माल मुख्य भूमीवरून आणावा लागायला लागला. काही कारखाने बंद पडले. जे उरलेत त्यांच्याकडून एक बरणी घ्या.

मासळी खारवण्याचेही दोन प्रकार आहेत, दुकानात विचारा. 'मुई ह्योंग' म्हणजे आधी थोडी मुरू दिलेली आणि मग खारवलेली, मांस मऊ आणि वास उग्र. 'सात युक' म्हणजे ताजी असतानाच मिठात घातलेली, घट्ट मांसाची. आपल्या खाऱ्याशी जवळची दुसरी. आणि उन्हात ताटावर रांगेने मांडलेले केशरी गोळे दिसले तर ते बदकाच्या अंड्यांचे खारवलेले बलक.

खायचं काय

मासे खाणाऱ्यांनी दोन गोष्टी चुकवू नयेत. एक, जवळ्याच्या लगद्यात परतलेला भात किंवा पालेभाजी. दोन, 'काऊ तोऊ यू', म्हणजे चक्क आपले ओले बोंबील, मीठ-मिरीत कुरकुरीत तळलेले. हाँगकाँगच्या खाणावळींत ते सर्रास मिळतात. रव्याशिवाय बोंबील इतका कुरकुरीत होतो हे मला तिथे कळलं. रस्त्यावर माशाचे गोळे, कोळशावर भाजलेले अंड्याचे वॉफल आणि भाजलेले सुके माकूल मिळतात.

शाकाहाऱ्यांनी ताय ओमध्ये जेवणाच्या भरवशावर राहू नये. भाज्यांतही कालवांचं सॉस पडतं, सूपमध्ये सुकी कोळंबी असते, आणि 'थोडंसं घातलंय' हे त्यांच्या लेखी शाकाहारातच मोडतं. जेवण नाँग पिंगच्या मठात उरका, तिथलं अन्न पूर्ण शाकाहारी असतं, कांदा-लसूणही नाही. ताय ओत 'तोऊ फू फा', म्हणजे आल्याच्या पाकातलं गरम मऊ टोफू, बिनधास्त खा. तांदळाच्या पिठाचे 'चा क्वो' शेंगदाणा-तिळाच्या सारणाचेही मिळतात, पण चरबी वापरली आहे का ते विचारून घ्या. 'मी मांस, मासे, कोळंबी, अंडं खात नाही' हे वाक्य चिनी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा. बौद्ध शाकाहाराला 'चाय' म्हणतात, एवढा एक शब्द बोललात तरी समोरच्याला लगेच कळतं.

शब्दांचंच निघालं तर, 'चो सान' म्हणजे शुभ सकाळ. 'म गोय' म्हणजे आभार आणि जरा वाट द्या, दोन्ही. वयस्क बाईंना 'पो पो' म्हटलं की कपाळावरच्या आठ्या जातात.

वागायचं कसं

ही राहती घरं आहेत. घरामागची फळ्यांची पडवी म्हणजे त्यांचं अंगण, तिथे पाय ठेवू नका. उघड्या दारातून फोटो काढू नका. माणसाचा फोटो हवा असेल तर कॅमेरा दाखवून विचारा, हात हलवून नाही म्हटलं तर विषय संपला. वाळत घातलेल्या मासळीला हात लावू नका. वास आला म्हणून नाक दाबू नका. आपल्या कोळीवाड्यांत वलांडीवरच्या बोंबलांपुढे रुमाल काढणारे पाहुणे मी लहानपणापासून पाहिले आहेत, आणि वलांडीमागच्या बायकांचे चेहरेही.

पुलापाशी बोटवाले डॉल्फिन दाखवायला नेतात, वीस-पंचवीस मिनिटांची फेरी. बोट आधी खाडीतून घरांच्या मधून जाते, फेरी घ्यायची ती यासाठीच. चिनी पांढरा डॉल्फिन जन्मतः करडा असतो आणि वाढत्या वयात गुलाबी होतो. आपल्या तारकर्लीला दिसतात ते त्याच कुळातले. बोटींची वर्दळ आणि भराव यांमुळे इथे त्यांची संख्या फार घटली आहे, दिसतीलच असं नाही. दिसले तर बोटवाल्याला त्यांच्यामागे वेगाने न्यायला सांगू नका.

सुक्या मासळीच्या दुकानात समुद्रघोडे किंवा शार्कचे पर दिसले तर घेऊ नका. समुद्रघोड्याला भारतात २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. जवळ्याची बरणी घेतलीत तर ती तीन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत टाका, आणि असे पदार्थ आणण्याबद्दल कस्टमचे चालू नियम आधी बघा.

सण बघायचा असेल तर

चिनी पंचांगाच्या पाचव्या महिन्याची पंचमी म्हणजे ड्रॅगन बोटींचा सण. त्यांचाही महिना अमावस्येपासून मोजतात, त्यामुळे तो बहुतेक वर्षी आपल्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या आगेमागे येतो, अधिक महिन्याने कधी फरक पडतो. इतरत्र त्या दिवशी शर्यती असतात. ताय ओत मच्छीमारांच्या तीन जुन्या संघटना मंदिरांतल्या देवांच्या लहान मूर्ती होडीत बसवतात, ड्रॅगन बोटी ती होडी ओढत खाडीतून नेतात, आणि काठावरच्या घरांतली माणसं आपापल्या पडवीतून पूजा करतात. बुडून गेलेल्या आत्म्यांना शांती लाभावी हा हेतू. २०११ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत हा सोहळा नोंदवला गेला. नारळी पौर्णिमेला दर्यावर नारळ सोडताना ज्यांनी हात जोडलेत, त्यांना भाषा येत नसली तरी काही अडणार नाही. त्या दिवशी सकाळी आठच्या आत गावात पोचा आणि सुन की पुलाजवळची जागा धरा.

संध्याकाळ

बहुतेक लोक साडेपाचच्या सुमारास बसच्या रांगेला लागतात, आणि नेमका तेव्हाच थांबण्यासारखा वेळ सुरू होतो. दुकानं सातच्या आत मिटतात, म्हणून आधी खाऊन घ्या. सूर्य पर्ल नदीच्या मुखाकडे, समुद्रावरच्या मोठ्या पुलामागे उतरतो. शेक चाय पोच्या धक्क्यावर म्हातारी माणसं गळ टाकून बसलेली असतात, त्यांच्याशेजारी थोडी जागा सोडून बसा. अंधार पडला की घरांतले दिवे खाडीत उतरतात. ११ नंबरची बस रात्री उशिरापर्यंत असते, तरी येतानाच स्थानकावरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा आणि शेवटच्या गाडीऐवजी त्याआधीची धरा. रात्रीच्या बसमध्ये माझ्या पिशवीतल्या बरणीचा वास सुटला, तेव्हा शेजारच्या बाईंनी झाकण माझ्या हातातून घेऊन आणखी अर्धा वेढा घट्ट फिरवलं आणि बरणी परत दिली.